चिंचदऱ्याचा चौदावा मृतदेह

१

केशरबाईच्या पडलेल्या घरातून ग्रामसेवक रंगनाथ ढवळे यांना गुरुवारी सकाळी बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या डोक्याची मागची बाजू जागेवर नव्हती. कवटी आत दबली होती, केसांत रक्त वाळून कडक झालं होतं. ढिगातून पाय बाहेर दिसला म्हणून दगड उपसणाऱ्या चौघांनी त्यांना चादरीवर ठेवलं आणि ते मागे सरले. कुणी हळहळलं नाही. चौघांतला एक जण तर बाजूला जाऊन थुंकला.

नायब तहसीलदार अश्विनी गर्जेनं ते थुंकणं पाहिलं आणि तिला ते विचित्र वाटलं. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला भूकंपानं चिंचदरा आडवं केलं होतं. जामखेडच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी वसलेलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर जाड मातीचं माळवद. भिंती सुटल्या आणि माळवदं माणसांच्या अंगावर बसली. त्या दिवशी दुपारी तालुक्याच्या कचेरीत अश्विनीला गावाची पहिली नीट खबर मिळाली होती ती याच रंगनाथांच्या फोनवरून. ते धापा टाकत बोलत होते. "मॅडम, गावात जेसीबी मशीन एकच आहे. एका घरात बाई आतून बोलतीय, तिथं ते लावलंय. तिथून मी ते हलवणार नाही. मला दुसरं पाठवा." दुसरं मशीन घेऊन अश्विनी पोहोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. तेव्हापासून शाळेच्या मैदानावरची छावणी, पाणी, औषधं, मृतांची नोंद असं सगळं तिच्या अंगावर होतं. तेरा मृतदेह निघाले होते. रंगनाथ चौदावे.

उपसरपंच भागवत रसाळ कागद हातात घेऊनच उभा होता. बुधवारी दुपारी चारला दुसरा धक्का बसला, त्यात उरल्यासुरल्या भिंतीही गेल्या. ग्रामसेवक काहीतरी बघायला आत शिरले असतील आणि सापडले असतील, असं त्याचं म्हणणं. भूकंपबळी म्हणून सही झाली की अकरापर्यंत अंत्यविधी उरकता येईल, ऊन वाढतंय, ठेवून कसं चालेल. बोलणं रास्त होतं. अश्विनीनं पेनही उघडलं.

पण आधीचे तेराही जण तिनं स्वतः पाहिले होते. प्रत्येकाच्या नाकातोंडात पांढरी माती गच्च बसलेली होती. माळवद अंगावर आलं की माणूस शेवटचा श्वास मातीचाच घेतो. रंगनाथांचं नाक मोकळं होतं, ओठ स्वच्छ होते. माती अंगावर आली तेव्हा हा माणूस श्वास घेत नव्हता.

ती उकिडवी बसली. केशरबाईच्या घरातली माती पांढरी आणि कोरडीठाक, आणि रंगनाथांच्या शर्टाच्या एका बाजूला काळी, अजून ओलसर माती चिकटलेली. चपलांच्या तळाला पांढरी भुकटी होती. वास घेतला तर ब्लीचिंग पावडर. इतकं डोकं फुटलेलं असून जिथून काढलं तिथं रक्ताचा डाग नव्हता. त्यांच्यावरून कोणते दगड उपसले ते तिनं त्या चौघांना दाखवायला लावलं. सगळे दगड एका माणसाला उचलवतील असेच निघाले. भिंतीचे मोठे चिरे हातभर लांब, आपापल्या जागी पडून होते. शिवाय दाराच्या चौकटीवर चुन्याची फुली होती. घर तपासून झालं, आत कुणी नाही, आता कुणी शिरायचं नाही, अशी त्या फुलीची खूण. ती खूण रंगनाथांनीच गावाला घालून दिली होती.

अश्विनीनं पेन बंद केलं.

"सही होणार नाही," ती भागवतला म्हणाली. "यांना भूकंपानं मारलेलं नाही."

२

फौजदार यायला दुपार होणार होती. घाटात दरड आल्यानं रस्ता अर्धाच खुला होता. छावणीत पोलीस म्हणून एकटे हवालदार भीमा सांगळे होते. अश्विनीनं त्यांना मृतदेहाशी उभं केलं आणि ती रंगनाथांच्या बायकोकडे, छबूबाईकडे गेली.

छबूबाई रडत नव्हती. ताडपत्रीच्या कडेला बसून एकेक गोष्ट तिनं सावकाश सांगितली. मंगळवारी दुपारपासून गाव तिच्या नवऱ्यावर उलटलं होतं. अजिनाथ बडे म्हणून एक ऊसतोड कामगार, त्याची बायको सुरेखा घराखाली गाडली गेली होती, पण जिवंत होती, बोलत होती. गावातला एकमेव जेसीबी तिथं खणत होता. दुपारी एक वाजता तो मध्येच थांबला आणि उपसरपंच भागवतच्या घराकडे गेला. तिथून भागवतची आई रतनबाई पाय मोडलेली, पण जिवंत निघाली. मशीन परत येईस्तोवर तीन वाजले आणि सुरेखाचा आवाज बंद झाला होता. मशीन हलवायचा हुकूम ग्रामसेवकाचा, असं तासाभरात गावभर झालं. संध्याकाळी रंगनाथ तंबूंसाठी जागा आखत फिरत असताना चांगल्या जाणत्या माणसांनी त्यांना दगड मारले. एक कानशिलाला लागला. तसेच ते काम करत राहिले.

"ते स्वतः काय म्हणाले?" अश्विनीनं विचारलं.

"म्हनले, मी असं सांगितलंच न्हाई. पन आमी पडलो शेवगावकडचे. इथं आमचं कोन ऐकतंय?"

अश्विनीच्या कानात तो फोन घुमला. तिथून मी ते हलवणार नाही. आतून बोलणारी ती बाई म्हणजे सुरेखा, हे तिला आत्ता कळत होतं. मग मशीन हलवलं कुणी?

पण आधी खून. केशरबाई पाण्याच्या टँकरजवळ सावलीला बसली होती. सत्तरीची म्हातारी, गुडघे गेलेले. बुधवारी दुसरा धक्का बसल्यावर सगळं गाव मैदानाकडे पळालं, तिला पळता आलं नाही. आपल्या पडक्या घरासमोरच्या लिंबाखाली ती शेळी धरून बसून राहिली. तिकडून कोण कोण गेलं, असं अश्विनीनं विचारलं. कुणीच नाही, असं म्हातारी आधी म्हणाली. मग आठवून म्हणाली,

"अजिनाथ तेवढा घरामागच्या बोळानं गेला बिचारा. बायकूला खांद्यावर घेऊन चालला हुता, ताडपत्रीत गुंडाळून. मी हात जोडले. मला काय ते बघवंना, मी डोळेच मिटून घेतले."

"हे कालच ना, आजी? दुसऱ्या धक्क्यानंतर?"

"व्हय की. लगीच मागनं."

 गेले दोन दिवस या गावात कुणी गुंडाळलेला देह खांद्यावर घेऊन निघाला की लोक वाट सोडत होते, हात जोडत होते. कोण आहे, म्हणून कुणी विचारत नव्हतं. पण सुरेखाच्या चितेजवळ अश्विनी स्वतः उभी होती. ती चिता पेटली होती बुधवारी सकाळी नऊला.

दुपारी चारनंतर अजिनाथच्या खांद्यावर सुरेखा असणं शक्य नव्हतं.

३

अजिनाथला बोलवण्याआधी तिला दोन गोष्टी पक्क्या करायच्या होत्या. खून कुठं झाला आणि का झाला.

काळी ओली माती चिंचदऱ्यात एकाच ठिकाणी होती, ओढ्याच्या काठी. मेलेली जनावरं पुरायला तिथं मोठा खड्डा काढला होता. ती पोहोचली तेव्हा जेसीबी चालवणारा बजरंग तिथं शेवटची माती ओढत होता. खड्ड्याभोवती ब्लीचिंग पावडरचा थर होता आणि सडक्या वासानं डोळ्यांना पाणी येत होतं. काठावर एक पहार पडलेली होती. तिचं टोक कुणीतरी मातीत घासलेलं होतं, पण वरच्या बाजूला, धरायच्या जागेच्या खाली, चार केस चिकटून राहिले होते.

बजरंग घाबरला नाही, उलट विचारल्यावर त्याला मोकळं वाटलं असावं. बुधवारी दुपारी इथं तिघंच होते, असं त्यानं सांगितलं. रंगनाथ पावडर टाकून घेत होते. अजिनाथ आपला मेलेला बैल ओढून घेऊन आला होता आणि पहारीनं बैल आत लोटत होता. चारला जमीन हलली, खड्ड्याची कड ढासळायला लागली, म्हणून बजरंगनं मशीन वर मोकळ्या रानात काढलं. ते दोघं मागे राहिले. नंतर कुणी दिसलं नाही, तेव्हा तेही गेले असतील, असं तो समजला.

मग तिनं मंगळवारची गोष्ट काढली. मशीन हलवायला त्याला ग्रामसेवकांनी सांगितलं होतं का?

"न्हाई. ते न्हवतेच तिथं. भागवतअण्णा आले, म्हनले, ग्रामसेवकाचा हुकूम हाय, मशीन माझ्या घराकडं आन. एक वाजला हुता. भाकरीची वाट बघत हुतो म्हून मोबाईलात टाईम बघितला." तो थांबला. दोन्ही हात गुडघ्यांत घालून म्हणाला, "मशीन बंद झाल्यावर ती बाई आतनं म्हनली, भाऊ, थांबलासा का? मी म्हनलो, आलोच."

अश्विनी छावणीत परतली आणि भागवतला शाळेच्या वर्गात घेऊन बसली. हुकूम ग्रामसेवकाचाच होता, असं त्यानं ठासून सांगितलं. मंगळवारी पाऊण वाजून गेल्यावर, ग्रामपंचायतीसमोर, समोरासमोर सांगितला. आपण तर नको म्हणत होतो, तिथली बाई जिवंत आहे असं बोललोही, पण ते ऐकेनात. आईची शपथ घेऊन त्यानं हे सांगितलं.

अश्विनीनं आपला मोबाईल त्याच्यासमोर ठेवला. मंगळवारी बारा पन्नास ते बारा अठ्ठावन्न, रंगनाथ ढवळे. भूकंपानंतर गावातलं नेटवर्क गेलं होतं. रेंज मिळत होती ती फक्त डोंगरावर, देवीच्या ठाण्याजवळ. तिथं चढायला पाऊण तास आणि उतरायला अर्धा. एक वाजायला दोन मिनिटं कमी असताना जो माणूस डोंगरावर होता, तो त्याच वेळी ग्रामपंचायतीसमोर कसा उभा राहील?

भागवत म्हणाला, मग अकराला सांगितलं असेल. अकराला मशीन गावात आलंच नव्हतं, हे अश्विनीनं त्याला सांगितलं. रस्त्याच्या कामावरून ते आलं साडेअकराला. त्यानं फोनकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"म्याडम, माझी आई हुती आत."

 अश्विनीची स्वतःची आई पाथर्डीला एकटी राहत होती. तो उठून बाहेर गेला आणि ताडपत्र्या वाटायला लागला, जसं काही झालंच नव्हतं.

तेवढ्यात हवालदार भीमा दारात आले. अजिनाथ बडे आपणहून आला होता आणि म्हणत होता, ग्रामसेवकाला मी मारलंय, कुठं बसू?

४

अजिनाथ लहान मुलांच्या बाकावर अवघडून बसला. चाळिशीचा उंच माणूस, कोयता धरून धरून तळहाताला जाड घट्टे पडलेले. दसऱ्यानंतर तो आणि सुरेखा टोळीबरोबर कारखान्यावर निघणार होते. सहा वर्षांची मुलगी शाळेत होती म्हणून वाचली. हे त्यानं न विचारताच सांगितलं आणि मग ज्यासाठी आला होता त्याला हात घातला.

सुरेखाची राख गार होईपर्यंत तो थांबला होता. मग बैल घेऊन ओढ्याला गेला, कारण रंगनाथ तिथं असतात हे त्याला ठाऊक होतं. बजरंग असेपर्यंत तो बोलला नाही. जमीन हलली, मशीन वर गेलं, तेव्हा त्यानं एकच विचारलं, माझी बायको बोलत असताना मशीन का काढलं? रंगनाथ म्हणाले, अजिनाथ, मी तिथं नव्हतोच. ते ऐकून त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तेवढ्यात पायाखालची कड सुटली आणि तो कमरेइतका खाली गेला. रंगनाथांनी त्याचा दंड धरून त्याला वर ओढलं. म्हणाले, चल, इथं थांबू नको. आणि ते पाठ करून चालायला लागले.

"पहार हातातच हुती," अजिनाथ म्हणाला. "एकदा मारल्यावर ते कुशीवर पडले आन हाताचा टेकू देऊन उठायला बघत हुते. मग परत मारली. मग आवाज आला न्हाई."

 अश्विनीनं विचारलं, समोर एवढा खड्डा होता, त्यात का नाही टाकलं? त्यात टाकलं असतं तर रंगनाथ कधीच कुणाला सापडले नसते.

"मानूस हुता, म्याडम. जनावरात कसा टाकू?"

मागच्या बाजूनं नेऊन पडक्या घरात ठेवला तर भूकंपानं नेला म्हणतील, चारचौघांसारखा अग्नी तरी मिळेल, असं त्याला वाटलं होतं. पण सकाळी लोक त्या मृतदेहाशेजारी थुंकले, हे कानावर आलं आणि त्याला बसवेना.

"हुकूम रंगनाथांचा होता, हे तुला कुणी सांगितलं?"

"भागवतअण्णानं. सुरेखा आत बोलत हुती तवाच. मी मशीनच्या आडवा झालो तर म्हनला, ग्रामसेवकाला इचार, मला कशाला इचारतो."

 अश्विनी नको इतका वेळ गप्प राहिली.

"म्याडम, तुमी गप का झाल्या?"

फौजदार आल्यावर बोलू, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. हे तिला तेव्हाही कळत होतं. पण रंगनाथ अजून त्या चादरीवर होते आणि त्यांच्या नावावर जे लागलं होतं ते खोटं होतं. ज्यानं त्यांना मारलं तो समोर बसून विचारत होता. तिनं त्याला फोनची वेळ सांगितली आणि रंगनाथ फोनवर बोलले ते शब्द जसेच्या तसे सांगितले.

"हलवनार न्हाई म्हनले?"

"हो. दुसरं मशीन मागत होते. तुझ्याच घरासाठी ते डोंगर चढून गेले होते."

अजिनाथनं बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग पाणी मागितलं. हवालदार माठाकडे वळले आणि त्यांची पाठ फिरली न फिरली तोच बाक उलटा पडल्याचा आवाज आला. दार मोकळं होतं.

५

मैदानावर ताडपत्र्यांचा ढीग होता आणि त्यावर दोर तोडायला ठेवलेला कोयता. अजिनाथनं धावता धावताच तो उचलला. भागवतनं त्याला येताना पाहिलं, आणि काय होणार हे त्याला लगेच कळलं असावं, कारण तो ओरडला नाही. त्यानं नुसता उजवा हात पुढं केला. कोयता मनगटावर बसला. पंजा कातडीला लोंबकळला, ताडपत्रीवर रक्ताची धार उडाली आणि रांगेतल्या बायका मुलांना कवटाळून पळाल्या. दुसरा घाव खांद्यात रुतला, हाडाचा आवाज झाला. भागवत गुडघ्यावर आला. तिसऱ्या घावासाठी हात वर गेला तेव्हा अश्विनी मागून त्या हाताला लोंबकळली. अजिनाथच्या कोपरानं तिचा ओठ फुटला, दात हलला, तोंड रक्तानं भरलं, पण तिनं हात सोडला नाही. मग भीमा सांगळे आपल्या सगळ्या वजनानिशी त्याच्यावर पडले.

खाली दाबल्यावर अजिनाथनं अजिबात जोर केला नाही. मातीत गाल टेकून तो भागवतकडे बघत पडून राहिला.

डॉक्टरांनी भागवतचा दंड दोरीनं आवळला आणि त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. तो वाचला. हात मात्र पुढं नगरला काढावा लागला. दारं लावायच्या आधी तो, आईला पण घ्या, तिच्या पायाचं बघायचं राहिलंय, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. रतनबाई चार पावलांवर खाटेवर होती, मोडलेल्या पायाला फळी बांधलेली. लोक तिला उचलायला गेले. तिनं खाटेची कड दोन्ही हातांनी धरली आणि मान हलवली. ॲम्ब्युलन्स तिच्याशिवाय गेली.

मग तिनं अश्विनीला बोलावून घेतलं आणि, मी बोलते ते लिहून घे, म्हणाली.

अश्विनी खाटेशेजारी जमिनीवर बसली. ओठ सुजल्यामुळे तिला बोलायला त्रास होत होता, पण विचारायचं काही नव्हतंच. रतनबाई बोलत गेली आणि ती लिहीत गेली. मंगळवारी तिला बाहेर काढल्यावर भागवतनं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं, आई, तुझ्यापायी खोटं बोलून मशीन आणलं. तेव्हा दोन वाजले होते. पलीकडे सुरेखा अजून बोलत होती, हे लोकांच्या तोंडून तिला ऐकू येत होतं. लगेच मशीन परत लावा, एवढं तिनं म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. भागवत अजून त्याच मशीननं घरातली पेटी काढून घेत होता. संध्याकाळी ग्रामसेवकाला दगड मारले तेही तिनं या खाटेवरून पाहिलं.

"तवाबी मी गप बसले," ती म्हणाली. "पोरगं माझं हाय. आन मला जगायचं हुतं. सत्तर वर्सं झाली तरी जगायचंच हुतं. हे बी लिव्ह."

अश्विनीनं तेही लिहिलं. या जबाबावर भागवतला कोणतं कलम लागेल हे तिला सांगता आलं नसतं, आणि म्हातारीनं ते विचारलंही नाही. तिला वेगळंच हवं होतं.

"आता मोठ्यानं वाच. तिकडं बसलीत त्यांना ऐकू जाऊ दे."

पळालेली माणसं एव्हाना परत मैदानाच्या कडेला जमली होती. अश्विनी उठून उभी राहिली. फुटक्या ओठांनी, शब्द तोडत तोडत तिनं वाचायला सुरुवात केली. मशीन हलवण्याचा हुकूम ग्रामसेवक रंगनाथ ढवळे यांनी दिला नव्हता, हे मला मंगळवारी दुपारपासून ठाऊक होतं, या वाक्याला कडेची कुजबुज थांबली. पुढचं सगळं तिनं त्या शांततेत वाचलं. एक जण खाली बसला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

वाचून झाल्यावर रतनबाईनं अंगठा पुढं केला. अश्विनी शाईची डबी उघडत होती, तेवढ्यात छबूबाई आपल्या ताडपत्रीतून बाहेर आली. लोकांच्या मधून चालत ती खाटेपाशी येऊन उभी राहिली. 

"म्याडम," ती म्हणाली, "परत एकदा वाचा."

अश्विनीनं तोंडातलं रक्त पुसलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.